मासा कुठल्या पाण्याचा

शुक्रवार, २२ ऑगस्ट १९६९

दिवसातून तीनदा तापीची पातळी वाचायची आणि सरकारी वहीत लिहायची, एवढंच माझं काम. त्या वहीत पाण्याखेरीज कशालाही जागा नाही. म्हणून आज शिरपूरला गेलो तेव्हा ही दुसरी वही घेतली. डोक्यात फार साठलं की मला जेवण जात नाही, आणि जेवण हा माझा एकुलता एक शौक आहे.

वना भोई जाऊन आज पाच दिवस झाले. वना आमच्या पाणीपातळी केंद्राचा नावाडी. रविवारी नदीला पूर असताना तो सरकारी होडी घेऊन गेला. होडी तीन मैल खाली बाभळीत अडकलेली मिळाली, तो मिळाला नाही. मी पोलीसपाटलाला सांगितलं की तो खालच्या घाटावरून पैलतीराला निघाला असावा, मी खोलीत झोपलो होतो. भोईवाड्याची माणसं तेव्हापासून खालच्या घाटापासून पुढे बांबू आणि गळ घेऊन शोधत आहेत. वरच्या बाजूला कुणी जात नाही. कशाला जातील?

मी हर्णैचा. मासा रोज लागतो. इथं बदली झाली तेव्हा आईनं डोळे पुसत आमसुलांची बरणी बांधून दिली होती, जणू मी वाळवंटात निघालो होतो. पण वनामुळे माझं काही अडलं नाही. संध्याकाळची पातळी लिहून झाली की तो पाण्यातून नुकता काढलेला मासा आणायचा, बाहेरच राखेनं घासून साफ करायचा आणि उंबऱ्याशी बसून राहायचा. मी तळायचो. पहिला तुकडा त्याचा. "भाऊ, तुमना हातले चव शे," म्हणायचा.

आज वरण केलं. करपलं.

रविवार, २४ ऑगस्ट

भोईवाड्यात मासा मागायला गेलो. म्हातारी सुगंधाबाई, वनाची चुलती, जाळं विणत बसली होती. "मासा नही, भाऊ." उद्या मिळेल का? "नही." एवढंच. जाळी सगळ्यांची वाळत टाकलेली, कोरडी ठणठणीत. श्रावण पाळत असतील. आई पाळते, मी नाही पाळत.

परत आलो आणि पायजमा धुवायला काढला. गुडघ्यापर्यंत काळा गाळ आहे, तीन वेळा धुतला तरी निघत नाही. खालच्या घाटावर असा गाळ नसतो, तिथं रेती आहे. पायजमा गाठोड्यात खाली घालून ठेवला.

बुधवार, २७ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

आज आमच्याकडे समुद्राला नारळ देऊन होड्या बाहेर पडल्या असतील. इथं दुपारभर उगीच खिन्न बसलो होतो. सहाची पातळी लिहून आलो तर उंबऱ्याशी बाई बसलेली. वनाची बायको, मंजुळाबाई. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. कपाळाला कुंकू तसंच, हातात बांगड्या तशाच. देह मिळाला नाही तोवर उतरवणार नाही म्हणते, असं ऐकलं होतं. मला पळून जावंसं वाटलं.

तिनं टोपलीतून हातभर लांब दोन मासे काढले. अजून तोंड उघडत होते.

"तुमनासाठे आनात, भाऊ. हाऊ मासा खालना घाटना शे."

मी म्हटलं, कशाला त्रास घेतलात? ती म्हणाली, "तो रोज आनत व्हता ना." मग तिनंच ते साफ केले, अगदी वनासारखे, राख लावून, पोटाकडून चिरून. मी तवा तापत ठेवला. मीठ, हळद, ठेचलेला लसूण आणि आमसुलाचं पाणी, बास. ताज्या माशाला मसाला लावणं म्हणजे चांगल्या पोरीच्या तोंडाला पावडर फासणं. इथल्या लोकांना हे पटत नाही, ते वांग्यालासुद्धा मिरचीत बुडवून मारतात.

पहिला तुकडा तिला दिला. तिनं मान हलवली. "तुम्ही जेवा, भाऊ. मी बठस." आणि वना बसायचा त्याच जागेवर बसून राहिली. मी जेवलो. दहा दिवसांनी मासा पोटात गेला, मी अधाशासारखा जेवलो.

"कसा लागना?"

"फार चांगला," म्हटलं.

जाताना तिनं एकच विचारलं. "भाऊ, तो कोठून निंघना? तुम्ही देखं का?" मी म्हटलं, मी झोपलो होतो, पण खालच्या घाटावरूनच. तिनं मान डोलावली आणि गेली.

मनावरचा धोंडा हलका झाला. माझ्यावर राग असता तर तिनं जेवू घातलं असतं का?

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आजही आली. झिंगे, बोटभर लांब. कांद्यावर परतले, नुसतं मीठ आणि चिमूटभर तिखट. "रेताडना शेतस," म्हणाली. रेताड म्हणजे घाटाच्या जरा वरची वाळू. भाकरी शेजारच्या सुमनबाईंकडून आणली. ताट चाटून पुसून साफ.

बाई बोलत नाही. नुसती पाहते. मी घास घेतला की माझ्या तोंडाकडे आणि गिळला की खाली जमिनीकडे. नवऱ्याचं जेवण आठवत असेल बिचारीला.

रविवार, ३१ ऑगस्ट

या वहीला कुलूप आहे, ट्रंकेचं. मग इथं खरं लिहायला काय हरकत आहे?

वना आपणहून गेला नाही. सतरा तारखेला, रविवारी दुपारी, मी त्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी धुळ्याचे मोठे साहेब तपासणीला येणार होते, जेवायला माझ्याकडे. मागच्या खेपेला धुळ्यात मी फुशारकी मारली होती की हॉटेलात काय मासे खाता साहेब, माझ्याकडे या, पाण्यातून तव्यावर. पुरात मरळ काळ्या डोहात आडोशाला येते, हे मला वनानंच शिकवलं होतं. काळा डोह दीड मैल वर, नदीच्या वळणात. वना म्हणाला, "पानी वाढी राहिनं, भाऊ. सकाय जासू." उद्या गेलो तर साहेबांच्या ताटात काय वाढू? मी म्हटलं, होडी ने, तासाभरात येशील. धोक्याच्या खुणेवर पाणी असताना सरकारी होडी काढायची नाही, हा नियम मीच त्याला वाचून दाखवला होता. काठाकाठानं होडी ओढत आम्ही दोघं वरच्या वळणापर्यंत गेलो. गाळात पाय रुतत होते. मग मी ढकलून दिली. त्यानं जाळं खांद्यावर घेतलं होतं.

तो नाही आला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी वरण-भात खाल्ला.

हे लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

धुळ्याहून साहेबांचं बोलावणं आलं म्हणून गेलो होतो. साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "शिरधनकर, होडी कुणाच्या परवानगीनं गेली हा प्रश्न येणार. तुम्ही लेखी द्या. नावाडी दारू प्यायला होता, परस्पर होडी काढली. असली माणसं पितातच." मी म्हटलं, वना पीत नव्हता. साहेब हसले. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर झोपला होतात ना?"

मी नमस्कार करून बाहेर आलो. वीस तारखेपर्यंत मुदत आहे.

एस.टी.त सबंध वाट माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. गाडीत माणसं उभी होती, पण तिथं कुणी बसलं नाही. बाकावर हात ठेवला तर ओलं लागलं. खिडकीतून पाऊस आला असणार.

संध्याकाळी मंजुळाबाई वाट पाहत होती. आज वाम होती. आमच्याकडे अशी लांबडी दिसली की पोरं सापसाप करून ओरडतात. निखाऱ्यावर नुसती भाजली, वर मीठ. चरबी टपकून निखारा भडकत होता. "सतीना ओटाना शे," म्हणाली. मी खाल्ली. चव विशेष कळली नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर

शिरपूरच्या बाजारात हनीफ भेटला. हनीफ भोयांकडून मासा घेऊन बाजारात विकतो, पाच वेळचा नमाजी आणि पंधरा वेळचा बोलका. त्याच्याकडे पाटीत चार मासे सुकत होते. मी थट्टा केली, काय हनीफभाई, तापी आटली का?

तो गंभीर झाला. "साहेब, तुम्हाला माहीत नाही? वनाभाई मिळत नाही तोवर तो भोईवाडा तापीचा मासा ना खाणार, ना विकणार. नदीत आपला माणूस असताना तिच्यात जाळं टाकत नाहीत. मैं तो अनेर नदी का बेच रहा हूँ. बावीस दिवस झाले, त्यांच्या घरात चूल पेटते ती नुसत्या भाकरीची."

म्हणजे श्रावणाचा काही संबंधच नव्हता.

मग मला येतोय तो कुठला? हे मी हनीफला विचारलं नाही. वाटभर विचार करत आलो आणि मला असं वाटतं की बाईनं माझ्यासाठी नियम मोडला. वनाचा माझ्यावर जीव होता, तो तिला ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या मनाची माणसं असतात या खेड्यांतून. आम्ही समुद्रकाठची माणसं, समुद्रानं किती जणांना नेलं, म्हणून कुणी मासे सोडले नाहीत. मीही सोडणार नाही. तिच्या मायेचा अपमान होईल.

असं मी स्वतःला तीनदा समजावलं. मग आलेला मासा खाल्ला. मेंढीधावेचा होता.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

श्रावण काल संपला. भोईवाड्यातली जाळी अजून वाळतच आहेत.

आज दुपारी नदीचा नकाशा समोर होता, सहज मंजुळाबाईच्या माशांच्या जागा पेन्सिलीनं मांडल्या. खालचा घाट, रेताड, सतीचा ओटा, मेंढीधाव, काल बाभूळवाक. एकामागोमाग एक, वरवर चालल्या आहेत. पूर ओसरू लागला की मासा प्रवाहाविरुद्ध वर सरकतो, त्याचाच हा पुरावा. कुणी अभ्यासक असता तर यावर निबंध लिहिला असता. सहा-सात टप्पे झाले की पुढे वळण येतं. पेन्सिल तिथंच ठेवून दिली.

पाणी रोज वीतभर उतरतं आहे. पूर्वी पाणी उतरलं की मला बरं वाटायचं, होडीचं काम सोपं होतं. आता सकाळी आठला पातळीच्या पट्टीकडे मी रेंगाळत जातो. काल बुडालेले दगड आज वर आलेले असतात. मी आधी वळणाकडे पाहतो, मग पट्टीकडे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल गणपती बसले. सुमनबाईंनी मोदक दिले. आज मंजुळाबाई आली नाही.

तरी संध्याकाळी स्टोव्ह पेटवून तवा ठेवला. सवय. उंबऱ्याशी कुणी खोकल्यासारखं झालं. वना असाच खोकायचा, आत येऊ का विचारायच्या ऐवजी. मी "ये" म्हटलं. तोंडातून निघून गेलं. पाहिलं तर कुणी नाही, पण उंबऱ्याबाहेरची फरशी ओली होती. माणूस बसून उठला की पडतो तेवढाच ओला डाग. मंजुळाबाईच्या लुगड्याचं पाणी, असं मी रोज समजत होतो. आज ती आलीच नव्हती.

डाग पुसला नाही. ओलांडून बाहेर जायचंही धाडस झालं नाही. तवा तापून धूर झाला, तेव्हा स्टोव्ह बंद केला. मोदक खाल्ले.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी साहेबांचा माणूस जीप घेऊन आला, टाईप केलेला कागद घेऊन. "वना भोई याने दारूच्या नशेत, विनापरवानगी, खालच्या घाटावरून होडी काढली." मी सही केली. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणतात. आज ती पोरकट आली.

जीप जाताना गावातली माणसं उभी होती. ड्रायव्हरला आत काय लिहिलंय ते ठाऊक होतं, त्यानं चहाच्या दुकानावर सांगून टाकलं. दुपारपर्यंत गावभर झालं.

मंजुळाबाई आज येणार नाही असं वाटलं. आली. बारीक मासे होते, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर ठेवले. पान करपल्याचा वास मला एरवी फार आवडतो.

ती म्हणाली, "मनी पोर शाळामातून रडत ऊनी. दारुड्यानी पोर म्हनतस तिले." आवाजात काही नव्हतं, मिठाचा भाव सांगावा तसं. "तुमले तं ठाऊक शे, भाऊ. त्याले वास बी चालत नव्हता."

मी म्हटलं, "लोक काहीही बोलतात."

"हाऊ हिवराखालना शे," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसली. हिवराखाल म्हणजे वळणाच्या अलीकडचा शेवटचा टप्पा. मी खाल्लं. चावून चावून खाल्लं. ती खाली जमिनीकडे बघायला लागली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. का, ते कळत नाही.

मी नीच माणूस आहे. हे आधीच्या कुठल्या पानावर लिहायला हवं होतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

तीन दिवस ती आली नाही. मी हनीफकडून अनेरचा मासा आणला. नीट केला, मीठ-हळद, लसूण, सगळं तेच. घास घेऊन उंबऱ्याकडे पाहिलं. कुणी पाहत नसलं की मला जेवताच येत नाही असं झालंय.

उद्या तिला सांगून टाकीन. भोईवाड्यात जाऊन सांगीन, वरती शोधा. पण मग ते विचारतील, तुम्हाला इतके दिवस माहीत होतं? याला उत्तर काय? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसती नोकरी गेली असती. आता सदतिसाव्या दिवशी सांगायचं म्हणजे सदतीस दिवसांचा हिशेब द्यायचा. प्रत्येक दिवशी तो अधिक अवघड होतो.

उद्या नाही तर परवा.

गुरुवार, २५ सप्टेंबर



ती आली. ऊन अजून होतं. टोपलीत एकच मासा, मरळ, मांडीएवढी जाड, काळी तुकतुकीत. अशी मरळ वनानं मला वर्षात एकदाच आणली होती. मी खूश झालो, खरंच झालो, लाज वाटते पण झालो. तिनं साफ केली. मी तुकडे पाडले, हळद-मीठ लावून ठेवले, आमसुलं भिजवली. तव्यावर लसूण तांबूस झाला, त्यावर तुकडे सोडले. एक बाजू होईपर्यंत हलवायचं नाही, हा सगळा धीराचा खेळ आहे. मी तिला हे समजावून सांगत होतो. किती दिवसांनी मी कुणाशी एवढं बोललो. ती ऐकत होती. आज कुठला आहे ते तिनं आल्या आल्या सांगितलं नाही, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

ताट वाढून घेतलं. पहिला घास तोंडात घातला. पांढरा, गोडसर, लोण्यासारखा.

"आज काया डोहना शे, भाऊ."

घास तिथंच थांबला. मी चावायचा प्रयत्न केला. पाण्याचा घोट घेतला, पाणी आत गेलं आणि घास राहिला. तोंडात गाळाची चव आली, पायजम्यावरच्या त्या काळ्या गाळाची. ती माझ्याकडे पाहत होती. पापणी हलत नव्हती. तिच्या मागे उंबऱ्याबाहेर आणखी कुणीतरी उभं राहून पाहत होतं, हे मी शपथेवर सांगतो, जरी माझ्या शपथेला आता काही किंमत नाही.

मी उठून बाहेर जाऊन थुंकलो. म्हटलं, "काटा लागला."

तिनं टोपली तिथंच टाकली आणि निघाली. आधी चालत, मग पळत. भोईवाड्याकडे.

बाईला वाईट वाटलं असेल. एवढी मरळ आणली आणि मी थुंकलो.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

वाईट वाटलं नव्हतं.

सकाळी आठला पट्टीवर गेलो तेव्हा भोयांच्या चार होड्या वर चालल्या होत्या. वळणाकडे. खाली कुणीच नव्हतं. पुढच्या होडीत मंजुळाबाई होती. माझ्या अंगावरून गेल्या, कुणी मान वळवली नाही. बाराची पातळी घेत होतो तेव्हा वरून हाक आली. एकच, लांब. मग बायकांचा आवाज.

काळ्या डोहात पडलेल्या उंबराच्या मुळांत तो होता. जाळं पायाला गुंडाळलेलं.

मी गेलो नाही. पट्टीजवळ उभा राहिलो. बाराची पातळी आज वहीत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

काल दहन झालं. आज मी भोईवाड्यात गेलो. सगळे ओट्यावर बसले होते, जागा करून द्यायला कुणी सरकलं नाही. मंजुळाबाईचं कपाळ रिकामं होतं. मी उभ्यानंच म्हटलं, "मंजुळाबाई, होडी मी पाठवली होती. साहेबांच्या जेवणासाठी. तो नको म्हणत होता."

सुगंधाबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मंजुळाबाई रडली नाही.

"माले पयलेच वाटनं व्हतं," ती म्हणाली. "जाळं घरमा नव्हतं. जाळं लिसन कोन पल्याडले जास? पन कोठे, ते ठाऊक नव्हतं. नदी केवढी शे." मग म्हणाली, "सासूनी सांगेल व्हतं माले. ज्याले ठाऊक ऱ्हास, त्याना गयामा त्या पानीना मासा उतरत नही. म्हनीसन येक येक जागाना आनत गयी."

तिनं नदी धुंडाळली ती माझ्या गळ्यातून. रोज एक घास. आणि मी तिला मरळ कशी तळायची ते समजावून सांगत होतो.

"इतला दिन तुमनासमोर बठनू, भाऊ. रोज वाटे, आज बोलतीन."

मी म्हटलं, मी धुळ्याला लिहून देतो, आधीचा कागद खोटा होता म्हणून. "द्या," ती म्हणाली. "मनी पोरसाठे द्या. माले आते काही नको."

बुधवार, १ ऑक्टोबर

धुळ्याला जाऊन आलो. दोन पानं, माझ्या हातानं लिहिलेली. होडी मी पाठवली, धोक्याच्या खुणेवर पाणी असताना, मासा आणायला. वना भोई दारू पीत नव्हता. तो कुठे गेला हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. साहेबांनी वाचलं. "प्रेत मिळालं, प्रकरण मिटलं. आता हे कशाला? घेऊन जा परत," म्हणाले. मी टेबलावर ठेवून आलो, आवक-जावकच्या कारकुनाकडून पोच घेतली आणि एक नक्कल शाळेच्या मास्तरांना दिली. वनाच्या पोरीच्या वर्गात वाचून दाखवा म्हटलं.

नोकरी राहील असं वाटत नाही. ट्रंक भरून ठेवली आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज सुट्टी. सकाळपासून नदीवर जाळीच जाळी. दीड महिन्यानं भोईवाडा पाण्यात उतरला. दुपारी प्रत्येक घरातून तळणीचा वास येत होता. देह मिळाल्यावरचा पहिला मासा गावात घरोघर वाटायचा, अशी त्यांची रीत आहे, सुमनबाईंनी सांगितलं. त्यांच्याकडे वाटा आला होता. माझ्याकडे येणार नाही हे मला कळत होतं, आणि तरी मी तीनदा बाहेर येऊन पाहिलं.

सहाची पातळी लिहून परतलो तर मंजुळाबाई दारात. पांढरं लुगडं. डोक्यावर मोठी टोपली. तिनं टोपली उतरवली, एक मासा काढून उंबऱ्यावर ठेवला. रीत म्हणजे रीत, कुणाचं घर वगळायचं नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "बसा ना, मंजुळाबाई. आत्ता करतो."

"आते कसाले, भाऊ?"

टोपली डोक्यावर घेऊन ती पुढच्या घराकडे गेली. मासा मी आत आणला आहे. स्टोव्ह अजून पेटवलेला नाही.